मधल्या सुट्टीची भाषा



शाळेच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असतो, मुख्याध्यापकांची परंपरा असते, निकालाचे आकडे आणि बक्षिसांच्या याद्या असतात. आपण शाळेत प्रत्यक्ष कोणती भाषा बोलत होतो, याची नोंद मात्र कुठेच नसते. निबंधाच्या वहीतली भाषा सर्वांना माहीत आहे, कारण ती तपासली जायची आणि तिला गुण मिळायचे. मधल्या सुट्टीत, सायकल स्टँडवर आणि शेवटच्या बाकावर बोलली जाणारी भाषा कोणी लिहून ठेवली नाही. ज्या चिठ्ठ्यांवर ती लिहिली गेली त्या बाईंनी जप्त केल्या किंवा आपणच फाडून टाकल्या.

इंग्रजीत या भाषेला 'स्लँग' म्हणतात. मराठीत तिला एकच असे नाव नाही. 'बोलभाषा' म्हटले तर ते फार व्यापक होते आणि 'ग्राम्य' म्हटले तर ती शिवीच होते. म्हणून या लेखापुरते मी तिला मधल्या सुट्टीची भाषा म्हणते. मी भाषेची अभ्यासक नाही. गेली चोवीस वर्षे सॉफ्टवेअर लिहून पोट भरते. आमच्या धंद्यात कुठल्या आवृत्तीत काय बदलले आणि का बदलले, याची वही ठेवावी लागते. आपल्या शब्दांची तशीच एक वही करून बघावी, एवढाच हा प्रयत्न आहे.

दप्तर, हजेरी आणि शाबासकी

सुरुवात आपल्या शाळेच्या दिवसापासूनच करू. सकाळी आपण दप्तर उचलायचो, वर्गात हजेरी व्हायची, कागदावर शाईने लिहायचो, उत्तर बरोबर आले की शाबासकी मिळायची, आणि सर बाहेर गेले की मस्ती आणि गप्पा सुरू. हे सगळे शब्द आपल्याला पक्के मराठी वाटतात. पण दप्तर, हजेरी, कागद, शाई, शाबास, मस्ती आणि गप्पा ही सगळी मंडळी फारसीच्या वाटेने आलेली आहेत. 'शाबास' म्हणजे मुळात 'शाद बाश', आनंदी राहा. 'मस्त' म्हणजे नशेत झिंगलेला. आज आजीसुद्धा आमटीला 'मस्त झालीय' म्हणते, तेव्हा तिच्या मनात नशा वगैरे काही नसते.

हे शब्द आले कारण त्या काळी दरबार, लष्कर आणि वसुली यांची भाषा फारसी होती. ज्यांच्या हाती सत्ता त्यांच्यासारखे बोलावे, ही ओढ कुठल्याही काळात असते. राज्याभिषेकानंतर, १६७७ च्या सुमारास, शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले गेले. पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतले फारसी शब्द मोजून दाखवले आणि शंभर वर्षांत त्यांचे प्रमाण किती घसरले ते मांडले. पण हा बदल कागदोपत्री भाषेत झाला. बाजारातल्या आणि घरातल्या बोलण्यातून हे शब्द गेले नाहीत, कारण तोवर ते परके राहिलेच नव्हते.

हीच गोष्ट आपल्या कोल्हापुरात पुन्हा एकदा घडली. राजाराम कॉलेजात शिकवणारे माधव जूलियन म्हणजे फारसीचे गाढे जाणकार. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश केला. त्यांनीच १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहून परके शब्द टाळण्याचा आग्रह धरला. त्याच काळात सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ जोरात होती. तिने रुजवलेल्या शब्दांत 'मुख्याध्यापक' हा शब्दही मोजला जातो. दारावरच्या पाटीवर मुख्याध्यापक आले, पण आपण शेवटपर्यंत 'हेडसर येतायत, पळा' असेच ओरडत होतो. पाटी कोणी लिहायची हे मोठी माणसे ठरवतात. पळताना काय ओरडायचे हे पोरेच ठरवतात.

तालमीतून, पेठेतून, सीमेवरून

आपल्या गावाच्या बोलण्याला आणखी काही झरे आहेत. पहिला तालमीचा. शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभे राहिलेले खासबाग मैदान १९१२ साली तयार झाले, पण कुस्तीचे वेड त्याआधीपासूनचे. शड्डू ठोकणे, चितपट करणे, अस्मान दाखवणे, धोबीपछाड हे शब्द लाल मातीतून उठून थेट वर्गात आले. चाचणीत पहिला येणारा मुलगा दुसऱ्याला अस्मान दाखवायचा. 'वस्ताद' हा शब्द 'उस्ताद'वरून आला. तालमीत तो आदराचा. वर्गात 'लय वस्ताद हाय' म्हटले की समोरच्याच्या हुशारीवर थोडा संशयही असायचा.

दुसरा झरा कानडीचा. अक्का, अण्णा, तूप, गुंडी हे शब्द आपल्याकडे इतके मुरले आहेत की ते सीमेपलीकडचे आहेत हे सांगावे लागते. आपल्या भागात बायकासुद्धा 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. कानडीत 'मी' म्हणणारा पुरुष आहे की बाई, यावरून क्रियापद बदलत नाही, आणि आपण कानडीच्या शेजारी शतकानुशतके राहतो. पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात मी 'मी जेवलो' म्हणाले तेव्हा पूर्ण खोली हसली होती. माझी आजी, आई आणि आत्या जन्मभर असेच बोलल्या. त्यात कुणाला काही चुकीचे वाटले नव्हते.

तिसरा झरा खास आपला, आणि तो एका शब्दात सांगता येतो : नाद. संस्कृतात नाद म्हणजे ध्वनी. संतांच्या वाङ्मयात आणि गाण्याच्या क्लासात तो त्याच अर्थाने येतो. मराठीत 'नाद लागणे' झाले, म्हणजे छंद, वेड, कधी व्यसन. 'पत्त्यांचा नाद वाईट' हे आपण घराघरात ऐकले. त्यापुढे 'नादाला लागणे' म्हणजे कुरापत काढणे. त्यातून 'नाद करायचा नाय' हा इशारा तयार झाला, आणि शेवटी 'नाद खुळा', म्हणजे अप्रतिम. ध्वनीपासून निघालेला शब्द छंद, व्यसन आणि आव्हान अशी स्टेशने घेत थेट कौतुकापर्यंत पोचला. यातली एकही पायरी कुठल्या समितीने ठरवलेली नाही.

फर्स्ट क्लासची पिढी

आपल्या आई-वडिलांच्या पिढीत सत्ता इंग्रजीकडे होती, पण ती साहेबाची इंग्रजी नव्हती. रेल्वेची, परीक्षेची आणि कचेरीची होती. त्यामुळे त्यांचे कौतुकाचे शब्द 'फर्स्ट क्लास', 'बेस्ट', 'सॉलिड' असे. रेल्वेचा डबा आणि पदवीचा निकाल या दोन्ही ठिकाणी जो वर्ग सर्वांत वरचा, तो पुढे चहालाही लागला. त्यांच्या आधीच्या पिढीचे नामी, फक्कड, झ्याक हे शब्द तोवर म्हातारे झाले होते.

साहित्यातही याच काळात मोठी खळबळ झाली. १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली. तिच्यातला पांडुरंग सांगवीकर पुण्याच्या वसतिगृहातल्या पोरासारखा बोलतो. त्यातल्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या साध्या शब्दांना असा काही सूर लागला की कॉलेजातली मुले तसेच बोलू लागली. १९६५ साली भाऊ पाध्यांची 'वासूनाका' आली आणि मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांची भाषा छापल्याबद्दल आचार्य अत्र्यांसारख्यांनी तिच्यावर झोड उठवली. १९७२ मध्ये 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला, तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनाही त्यातले अनेक शब्द नामदेव ढसाळांकडून समजून घ्यावे लागले. एकाच शहरात, एकाच भाषेत, दोन मराठी माणसांना एकमेकांचे शब्द कळत नव्हते. यातून लक्षात येते की दरी फक्त पिढ्यांची नसते. ती पेठेची, जातीची आणि पगाराचीही असते.

मग सिनेमा आला. १९७५ च्या 'पांडू हवालदार'नंतर पोलिसाला 'पांडू' म्हणणे घरोघर पोचले. १९८५ च्या 'युद्ध' या हिंदी चित्रपटात अनिल कपूरने 'झकास' म्हटले आणि आपलाच मराठी शब्द देशभर फिरून नवा होऊन परत आला.

आपली बॅच

१९९५ ला दहावी झालेली आपली बॅच म्हणजे दूरदर्शनची मुले. १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले आणि त्याच्या पाठोपाठ 'महाभारत'. रविवारी सकाळी गल्ली ओस पडायची आणि सोमवारी वर्गात सगळे एकमेकांना भ्राताश्री म्हणायचे. वडिलांना पिताश्री म्हणून पाहिलेल्यांना त्याचा प्रसादही मिळाला असेल. १९८८ मध्ये 'अशी ही बनवाबनवी' आला. धनंजय मान्यांचा पत्ता विचारणारा प्रश्न कोणत्या सुरात विचारायचा हे अजून आपल्या हाडात आहे. १९९३ च्या 'झपाटलेला'नंतर तर शाळेतल्या प्रत्येक हडकुळ्या मुलाचे नाव तात्या विंचू झाले.

पण आपली खरी मालमत्ता घरगुती होती. जो शिकत नाही तो 'ढ'. या एका अक्षराला का निवडले, याचे शिक्षकांकडून ऐकलेले गमतीदार कारण आठवते का? ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत सगळी अक्षरे बदलत गेली, 'ढ' मात्र जवळपास होता तसाच राहिला. दोन हजार वर्षांत काहीही न शिकलेले अक्षर! कारण म्हणून ते खरे असो वा कल्पित, ब्राह्मीतला 'ढ' खरोखरच आजच्या 'ढ'सारखा दिसतो. वर्ग चुकवणे म्हणजे दांडी मारणे. तोंडघशी पडणे म्हणजे पोपट होणे, आणि झाला की सगळा वर्ग 'पचका, पचका' ओरडायचा. परीक्षेच्या आदल्या रात्री 'अपेक्षित' शोधत फिरणे. आणि कौतुक करायचे तर एक नंबर, डेंजर, कडक, सही.

'सही'चा प्रवास बघा. अरबीत 'सहीह' म्हणजे अचूक, निर्दोष. दस्तऐवज खरा आहे याची खूण म्हणून मराठीत सही म्हणजे स्वाक्षरी. आपल्या प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही लागायची, तीच ही. आणि मुंबईकडून आले ते 'सही!', म्हणजे फारच छान. २००२ मध्ये 'सही रे सही' हे नाटक आले तोवर या अर्थाने कुणाच्या भुवया उंचावत नव्हत्या.

फसवणुकीसाठी तर प्रत्येक पिढीने स्वतंत्र सोय करून ठेवली आहे. आजोबांची शेंडी लावली जायची. शेंड्या गेल्या, मग टोपी घातली गेली. पुण्याकडचे कात्रजचा घाट दाखवायचे. आपण मामा बनवत होतो, गंडवत होतो. माझा मुलगा मित्राने डब्यातला लाडू पळवला की 'स्कॅम झाला' म्हणतो. फसवण्याची कला तीच आहे. तिची साधने मात्र डोक्यावरून शेअर बाजारात गेली.

एकशे साठ अक्षरांची मराठी

दहावीनंतर पांगलो. माझ्या वाट्याला इंजिनिअरिंग आले आणि तिथे नवीन कोश भेटला. नापास विषय राहिला की केटी लागली. वर्ष वाया गेले की इयर डाऊन. काचेखाली दिवा लावून मित्राची ड्रॉइंग शीट उतरवणे म्हणजे जीटी मारणे, पूर्ण नाव ग्लास ट्रेसिंग. सातारा, नांदेड, जळगाव, नागपूर अशा सगळीकडच्या मुलांना ही भाषा पहिल्या सहामाहीतच येत होती. नागपूरची मैत्रीण 'काय बे' म्हणायची, मालवणची 'काय गो', आम्ही 'काय गं ए', पण केटी सर्वांची एकच.

आपण दहावी झालो त्याच वर्षी, ३१ जुलै १९९५ रोजी, भारतात मोबाईलवरून पहिले संभाषण झाले. आपल्या हातात फोन यायला पुढे सहा-सात वर्षे गेली, आणि फोनबरोबर एसएमएस आला. या ठिकाणी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. एका एसएमएसमध्ये ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला सात बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे. देवनागरीला सोळा बिट लागतात, म्हणून फक्त ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. शिवाय तेव्हाच्या बहुतेक फोनना देवनागरी दाखवताच येत नव्हती. संदेशाला पैसे पडत होते. त्यामुळे एक संपूर्ण पिढी मराठी रोमी लिपीत लिहू लागली, तीही स्वर गाळून. 'जेवण झालं का' हे विचारायला इंग्रजी 'जे' आणि पुढे एकचा आकडा, म्हणजे 'जे-वन'. याला भाषेचा ऱ्हास म्हणून खूप लेख लिहिले गेले. मला त्यात काटकसर दिसते. तारेच्या काळात आपले आजोबा 'स्टार्ट इमिजिएटली' एवढ्या दोन शब्दांत आजारपण कळवत होते, त्याच जातीची ही काटकसर.

फोन बदलले, देवनागरी मोफत झाली, आणि 'जे-वन' कोणी न मारता मेले. कारण संपले की शब्द संपतो.

आताची पोरे

आता घरातल्या नव्या पिढीकडे वळू. 'ओपी' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला दवाखान्यातली ओपीडी वाटली. तो मोबाईलवरच्या खेळांतून आला. समोरच्यापेक्षा अतिच ताकद असलेला गडी म्हणजे ओव्हरपॉवर्ड, म्हणजे ओपी. आता भाकरीसुद्धा ओपी होते. 'रिझ' हा ऑक्सफर्डने २०२३ चा शब्द म्हणून निवडला, २०२४ ला 'ब्रेन रॉट'. हा दुसरा शब्द मुलांना स्वतःचा शोध वाटतो, पण हेन्री डेव्हिड थोरो यांनी तो 'वॉल्डन'मध्ये १८५४ सालीच वापरला होता. नवा शब्द पुष्कळदा माळ्यावरून काढलेला जुना पेटारा असतो.

सगळे काही परदेशातून येते असेही नाही. 'विषय हार्ड' हे आपल्याच मातीतले. आपल्या वेळी हार्ड विषय म्हणजे बीजगणित. आता 'विषय हार्ड' म्हणजे थक्क करणारी गोष्ट. विषय खोल असतो, विषय कट होतो, विषय संपतो. आणि 'भावा' हे संबोधन तर मुलीसुद्धा एकमेकींना लावतात. 'मी आलो' म्हणणाऱ्या आजीच्या पणतीने मैत्रिणीला 'भावा' म्हणावे, याचे निदान कोल्हापूरकरांना तरी नवल वाटू नये.

शब्द का मरतात, का टिकतात

या सगळ्यातून मला तीन नियम दिसतात. पहिला, कौतुकाचे शब्द सर्वांत लवकर झिजतात. प्रत्येक गोष्ट 'जबरदस्त' झाली की जबरदस्तमध्ये जोर राहत नाही. मग खतरनाक लागतो, मग भयानक, मग त्याहून काही जहाल. म्हणूनच वेडा, खुळा, डेंजर, कडक असे मुळात वाईट किंवा कठोर अर्थाचे शब्द कौतुकाला लावले जातात. त्यांच्यात धार शिल्लक असते.

दुसरा, ज्या दिवशी मोठी माणसे शब्द उचलतात त्या दिवशी मुले तो टाकतात. मधल्या सुट्टीच्या भाषेचे कामच 'हे आमचे, ते तुमचे' अशी रेघ ओढण्याचे आहे. बाईंनी वर्गात 'सही' म्हटले किंवा टूथपेस्टच्या जाहिरातीत 'बिनधास्त' आले, की रेघ पुसली गेली. मग नवी ओढावी लागते. अपवाद असतात. 'बिनधास्त'च बघा. धास्ती नसलेला, एवढा साधा शब्द. पण नेमकी ती छटा दुसऱ्या शब्दात सापडत नाही, म्हणून तो टिकला. १९९९ मध्ये त्या नावाचा मराठी चित्रपट आला, हिंदीने त्याचा 'बिंदास' केला आणि २००५ मध्ये तो ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशातही गेला. गरज भागवणारा शब्द राहतो. नुसती ऐट दाखवणारा जातो.

तिसरा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आयोना आणि पीटर ओपी या ब्रिटिश दांपत्याने सुमारे पाच हजार शाळकरी मुलांकडून त्यांचे खेळ, चिडवणी आणि शब्द गोळा केले आणि १९५९ साली 'द लोअर अँड लँग्वेज ऑफ स्कूलचिल्ड्रन' हा ग्रंथ छापला. त्यांना आढळले की खेळातले शब्द, विशेषतः खेळ थांबवण्याचे शब्द, पिढ्यान्‌पिढ्या आपापल्या भागात टिकून राहतात. कारण ते मोठ्यांकडून येतच नाहीत. दोन-तीन वर्षांनी मोठ्या असलेल्या मुलाकडून लहान मुलाकडे जातात. आपले 'टाइम प्लीज', 'कट्टी', 'बट्टी', 'राज्य', 'रडीचा डाव' आठवा. हे आपल्याला कोणत्या मोठ्या माणसाने शिकवले? कोणीच नाही. चौथीतल्याने दुसरीतल्याला शिकवले. तो धागा गल्लीतून जात होता. आता लहान-मोठी मुले एकत्र खेळण्याची जागा कमी झाली आहे, आणि शब्द पडद्यावरून येतो. तो जगभर एकाच आठवड्यात पोचतो आणि तितक्याच लवकर विरतो. मला काळजी वाटते ती शब्द बदलण्याची नाही. ती शिडी मोडण्याची वाटते.

हसणे कोणाच्या वाट्याला आले

हा लेख केवळ गमतीचा करून थांबता येत नाही. आपल्या वर्गात एसटीने येणारी दहा-बारा मुले होती. 'व्हय', 'न्हाई', 'म्या', 'लय' हे त्यांचे घरचे शब्द. उत्तर बरोबर असले तरी 'म्या सांगतो' म्हटल्यावर वर्गात हसू फुटायचे आणि मग शुद्ध बोलण्याची सूचना व्हायची. आठवीत हात वर करणारी यांतली काही मुले दहावीत हात वर करत नव्हती. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम लेखनाचे होते. बोलणे अशुद्ध ठरवणारे नियम कुठेच छापलेले नव्हते; ते हसण्यातून अमलात यायचे.

मग २०१४ मध्ये 'लय भारी' हे मोठ्या चित्रपटाचे नाव झाले. २०१६ च्या 'सैराट'ने करमाळ्याकडची बोली महाराष्ट्रभर नेली. आता पुण्याच्या आयटी पार्कात 'लय भारी' म्हणणे ही फॅशन आहे. याचा आनंदच आहे. पण मुलाखतीला आलेला मुलगा 'म्या' म्हणाला की टेबलाच्या या बाजूला अजूनही नजरानजर होते, हे मी पाहते. शब्दाला मान मिळाला. तो शब्द आईच्या दुधाबरोबर घेऊन आलेल्याला अजून मिळायचा आहे.

मुलींचेही तसेच. 'आयला' मुलग्यांनी म्हटले की ओरडा पडायचा, मुलीने म्हटले तर पालकांना चिठ्ठी जायची. गोष्टींमधल्या आणि नाटकांमधल्या मुलींना 'अय्या' आणि 'इश्श' दिलेले होते. आम्ही प्रत्यक्षात 'गप गं' आणि 'काय लावलंय' म्हणत होतो, दबक्या आवाजात. उलट मुलींबद्दलचे जे शब्द मागच्या बाकावर चालायचे, माल, आयटम, त्यांची दबकी गरज कुणाला भासली नाही. चकण्या, तोतऱ्या, लंगड्या ही टोपणनावे दहा वर्षे हाक म्हणून वापरली गेली. जातीची नावे शिवीसारखी वापरली गेली. मधल्या सुट्टीची भाषा मोकळी होती, पण सर्वांसाठी सारखीच मोकळी नव्हती. आजची मुले यातले काही शब्द ऐकून 'असं नाही बोलायचं' म्हणतात. तेव्हा नवीन पिढीने भाषा बिघडवली असे म्हणण्याआधी हाही जमाखर्च मांडावा. काही शब्द मेले ते बरेच झाले.

एक विनंती

ओपी दांपत्याने जे ब्रिटनमध्ये केले ते आपण एका बॅचपुरते करू शकतो. मेळाव्याच्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर मी एक शंभर पानी वही ठेवणार आहे. प्रत्येकाने तिच्यात आपले दोन-तीन शब्द लिहावेत : शब्द, अर्थ, साधारण वर्ष, आणि तो कोणाकडून शिकलो. दादाकडून, गल्लीतून, तालमीतून, सिनेमातून, की गावाकडून. एसटीने येणाऱ्या मित्रांनी तर जरूर लिहावेत, जसे घरी बोलत होते तसेच, ऱ्हस्व-दीर्घाची चिंता न करता. गुरुजनांना खास विनंती आहे की त्यांनी त्यांच्या शाळेतले शब्दही लिहावेत. तीस वर्षे आमची भाषा तपासल्यावर तेवढा हक्क त्यांचा आहे. जप्त केलेल्या चिठ्ठ्यांमधले काही आठवत असेल तर तेही चालेल.

वही नंतर शाळेच्या ग्रंथालयात द्यावी असे मनात आहे. तिथल्या आत्ताच्या मुलांनी ती वाचून हसावे आणि उरलेल्या कोऱ्या पानांवर स्वतःचे शब्द लिहावेत.